शेतराखणीसाठी कारवानची पिल्लं : निवडीपासून पहिल्या हुरड्यापर्यंतच्या नोंदी

१५ ऑक्टोबर २०२३
ज्वारीची पेरणी आज उरकली. गेल्या साली ऐन हुरड्यात डुकरांनी ओढ्याकडचं अर्धा एकर रान लोळवलं. अर्ज केला, पंचनामा झाला, भरपाईही आली. पण भरपाईत कडबा येत नाही, आणि गोठ्यात चार जनावरं आहेत. रानात काळी नावाची गावठी कुत्री आहे. भुंकायला एक नंबर, पण डुकरं तिला मोजत नाहीत. म्हणून यंदा कारवान या सडपातळ, पळणाऱ्या शिकारी कुत्र्याच्या जातीची दोन पिल्लं आणायचं ठरलं.

पाव्हणे-रावळे लगेच विचारायला लागले, "मग सशाला कधी जायचं?" सशाला जायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि त्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पकडणं, कुत्री पाठीमागे घालणं, हाकारा करणं, आमिष लावणं, यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, सगळं शिकारीतच धरतात. काळवीट असेल तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद. आमच्या माळावर काळविटं दिवसाढवळ्या फिरतात, त्यामुळे सुटलेलं कुत्रं मालकाला थेट कोर्टात नेऊ शकतं. काम एवढंच : तारेच्या आत राहायचं, बांधापर्यंत झेप घ्यायची आणि हाकेला मागे फिरायचं. हे सगळं बघूनच पिल्लू निवडायचं आहे.

२९ ऑक्टोबर
दोन ठिकाणं पाहिली. पहिल्या ठिकाणी पत्र्याखाली आठ-नऊ पिल्लं, "एकदम प्युअर" म्हणून दाखवली. आई दाखवा म्हटलं तर ती "दुसऱ्या रानात" होती. बाप मात्र खुंट्याला होता. त्याचे कान मागे दुमडून मानेला चिकटलेले, मांड्या फुगीर. हा ग्रेहाऊंडचा अंश. कारवानचे कान डोक्याच्या दोन्ही अंगांना सपाट लोंबतात. शर्यतीच्या नादाने आपल्याकडे बऱ्याच जणांनी ग्रे मिसळलाय आणि त्या पिल्लांना भावही जास्त मिळतो. वेग येतो हे खरं. पण मला दोनशे मीटरचा वेग नको, उन्हाळ्यात रानात टिकणारं कुत्रं हवंय. शिवाय पिल्लं जेमतेम पाच आठवड्यांची, आणि तो म्हणतो आजच घेऊन जा, लवकर नेलं की लळा लागतो. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांत बसत नाही, आणि नियम बाजूला ठेवला तरी ज्याला आईने आणि भावंडांनी चावण्याची मर्यादा शिकवलेली नाही ते पिल्लू पुढे हाताला दात लावतं.

दुसरं ठिकाण लातूर जिल्ह्यात, चाकूर तालुक्यात जानवळच्या अंगाला. तिकडे ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या घरोघर आहेत. म्हाताऱ्या काकांनी पिल्लं दाखवायच्या आधी आईच समोर आणली. "पिल्लं काय, समदी गोडच दिसत्यात. हिला बघा, मग बोला."

तर आई बघितली. पंजा आवळलेला, बोटं एकमेकांना चिकटलेली, नखं झिजलेली, म्हणजे खरोखर पळणारी. पाठीचा शेवटचा भाग किंचित कमानदार, छाती खोल, पोट आत. शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसत होत्या, या कुत्र्याला ते योग्यच. मी दारात उभा राहिल्यावर ती भुंकली नाही, जवळही आली नाही. दहा पावलांवरून बघत राहिली. काकांनी हाक मारली तशी त्यांच्या मांडीला जाऊन टेकली. परक्याला अंगाला हात लावू न देणं हा या जातीचा स्वभावच. पण शेपूट पोटात घालून कोपऱ्यात थरथरणारी आई असेल तर तिची पिल्लं फुकटसुद्धा घेऊ नयेत. भित्रं कुत्रं भीतीनेच चावतं.

काकांकडे कागद नाहीत. केनेल क्लब ऑफ इंडियात ही जात कारवान हाऊंड म्हणून नोंदते, कागदवाली पिल्लं पुण्या-मुंबईकडे मिळतातही. मला प्रदर्शनात न्यायचं नाही. आई, मावशी आणि मागच्या वेताचा एक नर चालताना-पळताना बघायला मिळाला, माझ्यासाठी तोच कागद. दोन हजार इसार दिला.

१८ नोव्हेंबर
दिवाळीचे फटाके संपल्यावर पिल्लं आणली. एक मादी, एक नर. आठ हजार आणि सात हजार, गाडीभाडं वेगळं.

निवडताना प्रत्येक पिल्लाला भावंडांपासून बाजूला, अंगणाच्या अनोळखी कोपऱ्यात नेलं. स्टीलची ताटली मागे टाकली. सगळी दचकली, दचकायलाच पाहिजेत. बघायचं ते त्यानंतर काय करतं. एक पळून चुलीमागे गेलं आणि बाहेरच येईना, ते बाद. एक ताटलीवर धावून गेलं आणि नंतर माझ्याकडे वळूनही बघेना. काकांना ते सगळ्यात आवडतं, मला नको होतं. जी मादी घेतली ती मागे सरली, थांबली, मान लांब करून वास घेतला, मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यावर मी तिला घेतलं. सुतळीला चिंधी बांधून ओढली तर तिन्ही नर धावले, ही आधी नुसती डोळ्यांनी चिंधीमागे फिरली आणि चिंधी वळताना मधूनच कापत गेली.

बाकी तपासणी थोडक्यात : वरचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसतात का, बेंबीला गाठ नाही ना, नराच्या दोन्ही गोट्या उतरल्यात का, पोट ढोलासारखं नाही ना. नराचं पोट ढोलासारखं होतं. जंत असणार हे कळत होतं, तरी आईवर भरवसा ठेवून घेतला.

मादी हरणी, नर सोन्या.

३ डिसेंबर
पहिला पंधरवडा पोटातच गेला. म्हशीचं दूध आणि कुस्करलेली भाकरी, गावात सगळे हेच घालतात. दोघांनाही पातळ हगवण. रक्त नव्हतं आणि पिल्लं खेळत होती, म्हणून पार्व्हो (पिल्लांचा जीवघेणा हगवणीचा आजार) नाही असं डॉक्टर म्हणाले, तरी तपासणी आणि सलाईनचे अकराशे गेले. दूध बंद, मऊ भात आणि दही, दोन दिवसांत बांधून झालं. जंताचं औषध दर दोन आठवड्यांनी, तीन महिन्यांचे होईपर्यंत. पहिल्या डोसाला सोन्याच्या पोटातून शेवयांसारखे जंत पडले. लसीचा पहिला डोस झाला, पुढचे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, तीन महिन्यांनंतर रेबीज. डोस पुरे होईपर्यंत गावच्या उकिरड्याकडे आणि परक्या कुत्र्यांत न्यायचं नाही.

७ जानेवारी २०२४
सोन्याचे पुढचे पाय बघून झोप उडाली. मनगटाची हाडं गाठीसारखी, पंजे बाहेर वळलेले, बोटं पसरलेली. अण्णा म्हणाले, "ताकभाकरी घाल, कारवान सडपातळच पाहिजे." तेच घालत होतो. मोठ्या कुत्र्याचं त्यावर निभतं. पण तीन महिन्यांचं पिल्लू आठवड्याला बोटभर उंच होतं, त्याला भाकरीतून हाडं बांधायला काय मिळणार? डॉक्टरांनी मुडदुसाची सुरुवात म्हणून सांगितलं. मी दुकानातून कॅल्शियमची बाटली आणली होती, ती त्यांनी बाजूला ठेवायला लावली. नुसतं कॅल्शियम ओतून वाढत्या हाडांचं उलट नुकसान होतं, खाणं सुधारा म्हणाले.

आता दिवसातून तीनदा : सकाळी दोघांत तीन उकडलेली अंडी आणि भाकरी, दुपारी पिल्लांचं कोरडं खाद्य, संध्याकाळी कोंबडीचे पाय-मुंडी-कलेजी उकडून भातात. कोंबडीवाला हे किलोला चाळीसने देतो. शिजवलेलं हाड काढून टाकतो, त्याच्या चिरफळ्या होऊन आतडं फाटतं. महिन्याचा खर्च नऊशेवरून अडीच हजारांवर गेला.

दुसरं कारण पडवीतली शहाबादी फरशी. दिवसभर तिच्यावर घसरत होती. त्यांना मातीवर, गोठ्यामागे हलवलं. अंगावर सकाळचं ऊन येतं.

११ फेब्रुवारी
पाय बरेच सरळ झाले. सोन्याचा डावा पंजा अजून जरा बाहेर पडतो, तो तसाच राहील असं दिसतंय.

नवीन डोकेदुखी. दोघं एकमेकांत इतकी रमलीत की मी रानात आलो काय, गेलो काय. हाक मारली तर आधी एकमेकांकडे बघतात. एकाच वेताची दोन पिल्लं एकत्र वाढवली की हे होतं, असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. पण दोघांना एकमेकांची सोबत होईल, हा मोह. आजपासून झोपायला वेगळी, खायला वेगळी, फिरायला वेगळी. एकाला घेऊन जाताना दुसरं ऊर फुटेस्तोवर रडतं. पहिला आठवडा अख्ख्या वस्तीची झोप गेली.

शिट्टीचं शिकवणं सुरू. शिट्टी वाजली की कलेजीचा तुकडा. तीच शिट्टी, तोच सूर, आणि शिट्टी वाजवून कधीही रागवायचं नाही, बांधायचं नाही, औषध पाजायचं नाही.

२४ मार्च
सोन्याने शेजारच्या वस्तीवरची कोंबडी धरली. गावरान, अंड्यावरची. काकूंना सहाशे दिले आणि वर बोलणी खाल्ली. मारून उपयोग नाही, कोंबडी पळते तोवर हे पळणारच. आता रोज संध्याकाळी त्याला पट्ट्यात धरून कोंबड्यांच्या खुराड्यापाशी बसतो. कोंबडीकडून नजर काढून माझ्याकडे बघितलं की तुकडा. कंटाळवाणं काम आहे, पण शेरडांच्या बाबतीत हे चालून गेलं. करडं उड्या मारत असली तरी आता पडून राहतो. हरणीला हे शिकवावंच लागलं नाही.

पट्ट्याबद्दल : साधा अरुंद पट्टा यांच्या कामाचा नाही. मान लांब आणि डोकं निमुळतं, मागे ओढलं की सटकन निघतो. सातारा रस्त्याला एका मोच्याकडून चार बोटं रुंद, आतून मऊ चामड्याचे दोन शिवून घेतले, जोडी सातशेला.

१२ मे
पारा बेचाळीसच्या वर. फिरणं पहाटे पाचला, उजाडायच्या आत संपवतो. काळ्या रानाला हातभर खोल भेगा पडल्यात. हरणीचं बोट भेगेत अडकून सुजलं, आठवडाभर लंगडत होती. हाड मोडलं नाही एवढंच नशीब. पावसापर्यंत नांगरलेलं आणि भेगाळलेलं रान बंद, फक्त गाडीवाटेवर.

गावातली पोरं येऊन म्हणतात, आठ महिन्यांची झाली, आता मोटारसायकलमागे पळवा, दम वाढेल. यावर माझं मत ठाम आहे. हाडांची टोकं कोवळी असतात, वर्षाच्या आत खेचून पळवलेलं कुत्रं पुढे लंगडं होऊ शकतं. आपसांत खेळताना पळतील तेवढं पळू दे, थांबायचं त्यांचं त्यांना कळतं. मोटारसायकलमागे ते कळत नाही.

२१ जुलै
महिना पाण्यात गेला. पावसाळा लागल्यावर गोचिडी आल्या. गोठ्यातल्या जनावरांना औषध मारलं होतं, कुत्र्यांचं राहिलं. हरणीने खाणं सोडलं, अंग तापलं, दोन दिवस म्हटलं हवा बदलली. तिसऱ्या दिवशी ओठ वर करून बघितला तर हिरड्या पिठासारख्या पांढऱ्या. रक्त तपासलं : प्लेटलेट फार खाली, गोचीड ताप. पाच-सहा दिवस सलाईन, डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन) गोळ्या पूर्ण अठ्ठावीस दिवस. आठवड्यात बरी दिसायला लागली तेव्हा गोळ्या थांबवायचा मोह झाला, डॉक्टरांनी दम दिला. आजार आत दबून राहतो आणि महिन्याने पुन्हा उसळतो.

एकूण साडेपाच हजार. दोघांनाही दर महिन्याची गोचिडीची गोळी वेळेवर दिली असती तर हजार-बाराशेत भागलं असतं. आता ती चालू आहे. रोज रात्री हाताने चाचपतो : कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी. हिरड्याही रोज बघतो. गोठ्याच्या भिंतीच्या फटी चुन्याने बुजवल्या, कारण गोचिडी कुत्र्यावर कमी आणि फटींत जास्त असतात.

२९ सप्टेंबर
वर्ष झालं. हरणी चोवीस इंच, सोन्या सव्वीस. आता पळवायला हरकत नाही.

सोयाबीन निघालेल्या रानात चिंधीचं यंत्र बसवलं. अण्णांची जुनी सायकल उलटी केली, मागच्या चाकाचा टायर-ट्यूब काढला आणि रिमच्या खाचेत नायलॉनची दोरी गुंडाळायची सोय केली. दोरीच्या टोकाला पांढरी प्लास्टिकची पिशवी, दीडशे मीटर लांब नेऊन ठेवायची. एकाने कुत्रं धरायचं, दुसऱ्याने पायडल हाताने फिरवायचं. पिशवी बऱ्यापैकी वेगात येते. पहिल्या दिवशी दोरी रिमवरून उतरून तीनदा गुंता. खाचेच्या दोन्ही बाजूंना जुन्या ट्यूबची पट्टी तारेने बांधली, मग सुरळीत.

दोरी रिकामी, ढिली पडलेली असताना कुत्रं तिच्यावर जाऊ द्यायचं नाही. नायलॉनची दोरी वेगात पायाला घासली तर सुरीसारखी कापते. पिशवी सायकलच्या दहा मीटर अलीकडे थांबवायची. खाल्ल्यावर तीन तास पळवायचं नाही, पोटाला पीळ पडतो. एकेकट्याला, दोन खेपा, बस.

हे सगळं वेगासाठी नाही. पिशवी भर धावेत असताना शिट्टी वाजवायची आणि कुत्रं वळवायचं, त्यासाठी हा खटाटोप. पहिले काही दिवस शून्य. शिट्टी ऐकूच येत नसल्यासारखी दोघं पिशवीमागे. मग पायडल मारणाऱ्या पुतण्याला सांगितलं, शिट्टी वाजली की पिशवी जागीच मारायची. पिशवी मेली की कुत्र्याला गंमत उरत नाही, मग मान वळते. वळली की माझ्या हातात दुसरी चिंधी, तिच्याशी झटापट. हरणी आठवड्यात समजली. सोन्याला दिवाळी लागेल.

१० नोव्हेंबर
सोन्या काटेरी तारेला अडकला, मांडीवर वीतभर कातडी उलटली. या कुत्र्यांना कातडीखाली चरबीच नसते, कागदासारखी फाटते. टाके घालायला भूल लागणार होती. डॉक्टर तालुक्याला नवीन आलेले, त्यांना आधीच सांगितलं : हे सडपातळ जातीचं कुत्रं आहे, थायोपेंटोन हे भुलीचं औषध नको. अंगात चरबी कमी आणि यकृतही ते औषध हळू मोडतं, म्हणून ते रक्तातच रेंगाळतं आणि कुत्रं शुद्धीवर यायला फार वेळ घेतं. त्यांनी दुसरं औषध वापरलं. दवाखान्यात जाताना प्रत्येकाने हे स्वतःहून सांगावं, समोरच्याला माहीत असेलच असं धरू नये. बावीसशे रुपये.

तारेच्या खालच्या दोन ओळी काढून ओढ्याच्या बाजूने जाळी लावली. जाळी, खांब, मजुरी मिळून एकतीस हजार. कुत्र्यांवरच्या आतापर्यंतच्या अख्ख्या खर्चाच्या निम्म्याच्या आसपास. पण ती नसती तर ही कुत्री राखणीला सोडताच आली नसती.

१२ जानेवारी २०२५
ज्वारी हुरड्यात. रात्री खोपीवर झोपायला सुरुवात केली.

पहिल्या रात्री डुकरं आली आणि कारवान झोपलेली. खरंच. ही कुत्री नजरेवर काम करतात, अंधाऱ्या रात्री नाकाने उठवणारं दुसरं कोणी लागतं, आणि मुळात ती भुंकतात कमी. काळीने गोंधळ घातला तेव्हा दोघं उठली, तोवर कळप जाळीच्या कोपऱ्यापर्यंत आलेला. मग काळीला ओढ्याच्या टोकाला बांधलं, कारवान खोपीपाशी. काळी भुंकली की मी बॅटरी त्या दिशेला मारतो आणि दोघांना सोडतो. उजेडात हललेलं दिसलं की ती अशी काही सुटतात की जाळीपर्यंत पोचायला चार-पाच सेकंद. पलीकडून फुसकारे, झुडपांची मोडतोड, मग शांत. शिट्टी. हरणी लगेच. सोन्या जाळीपाशी रेंगाळतो, दुसऱ्या शिट्टीला येतो.

जाळीच्या पलीकडे त्यांना कधीही सोडायचं नाही, कायद्यासाठीही आणि त्यांच्यासाठीही. एका सुळ्याच्या फटक्यात असल्या कातडीचं कुत्रं उभं फाटेल.

२३ फेब्रुवारी
ज्वारी काढली. कोपऱ्यातला एक तुकडा सोडला तर रान उभं राहिलं. जाळी, काळी आणि ही दोन, यांतलं कोणामुळे किती ते सांगता येणार नाही.

कुत्र्यांचा हिशेब, जाळी सोडून : पिल्लं पंधरा हजार, खाणं अडतीस हजारांच्या घरात, डॉक्टर आणि औषधं साडेबारा हजार, पट्टे-दोरी-सटरफटर दीड हजार. सदुसष्ट हजार, पंधरा महिन्यांत. फक्त राखणीसाठी घेणाऱ्याने एकच पिल्लू घ्यावं आणि जोडीला गावठी ठेवावी. दुसऱ्यानेच माझा खर्च आणि निम्मी मेहनत वाढवली.

हरणी मागच्या आठवड्यात पहिल्यांदा माजावर आली. भाऊ-बहीण आहेत, म्हणून सोन्याला तीन आठवडे मेहुण्याच्या रानात ठेवलंय. जानवळच्या काकांचा फोन आला होता, त्यांच्याकडे दुसऱ्या रक्ताचा नर आहे म्हणाले. या माजाला नाही. दोन वर्षांची झाल्यावर, आणि तेही आधी नराची आई बघून.